जिवाणूच्या अंगरख्याचा तुकडा

बेल्ह्याच्या बाजारात कल्पेशने गाईच्या मानेत सुई घातली आणि गाईऐवजी तोच मटकन खाली बसला.

"पावणं, आधी पाणी प्या." कुणीतरी त्याच्या हातातली सिरिंज काढून घेतली. त्याने वर पाहिलं. पायात गमबूट, कमरेला बांधलेली ओढणी आणि ओठांत दाबून धरलेलं हसू... ती हर्षाली, तिथल्या दूध डेअरीची जनावरांची डॉक्टर.

"रक्त बघून चक्कर येते, आन् संशोधन रक्तावर?"

"रक्तावर नाही, प्रोटीनवर," तो ओशाळून म्हणाला. "ट्यूबमधलं रक्त चालतं मला. धार नाही चालत."

त्या दिवशी सगळे नमुने तिनेच काढून दिले. नंतर चहा पिताना तिने विचारलं, "आता सांगा शेठ, नेमकं काय करता?"

कल्पेश मंचरच्या धान्यव्यापाऱ्याचा मुलगा, पुण्यात पीएचडी करणारा. "गाई ज्यानं गाभडतात तो ब्रुसेला जिवाणू तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचं एक प्रोटीन मी दुसऱ्या, साध्या जिवाणूकडून बनवून घेतो. गाईला लागण झाली असेल, तर तिचं रक्त त्या प्रोटीनला ओळखतं आणि प्लेटमध्ये रंग येतो."

"म्हंजे रोग न्हाई... नुसता त्याचा अंगरखा?"

"अंगरख्याचा तुकडा!" तो एवढा खूश झाला, की चहा सांडला.

पुढे पुरेसे नमुने मिळाले, तरी त्याचं येणं थांबलं नाही. हर्षालीनेही कारण विचारलं नाही. फक्त एकदा ती भर उन्हात स्वेटर घालून आली, तेव्हा त्याने विचारलं, "बरं नाही?"

"संध्याकाळच्याला कणकण येते. पाठ लई दुखते. दमणूक असंल, दुसरं काय!"

आणि मग एका सकाळी प्लेटमध्ये रंग आला. गडद पिवळा. त्या नमुन्यांवर तिच्या घरच्या गोठ्याचं नाव होतं.

हा रोग गाईकडून माणसालाही होतो. आणि गाई अडल्या की ती कोपरापर्यंत हात घालून वासरं सोडवायची, कधीकधी हातमोज्यांशिवाय. कल्पेश प्लेटकडे बघत राहिला. हे प्रोटीन फक्त संशोधनासाठी होतं. त्यावरून कुणालाही आजारी ठरवायचं नाही, असं पीएचडीच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. पण तिचा तो कणकणीचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने सरांना सगळं सांगितलं आणि एसटी पकडली.

"माझ्या गोठ्यात रोग हाय म्हणता?" ती भडकली.

"खात्रीनं नाही सांगू शकत. गाई सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पण तुम्ही... तुम्ही आजच दवाखान्यात रक्त तपासून घ्या. मी चुकलो तर खुशाल हसा. मला चुकायचंच आहे, हर्षाली."

त्याचा आवाज ऐकून ती तशीच दवाखान्यात निघाली.

तो चुकला नव्हता. गाई वेगळ्या बांधल्या गेल्या. हर्षालीला अनेक आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. तो दर रविवारी यायचा, ओट्यावर तिच्या वडिलांजवळ, अण्णांजवळ बसायचा, आणि ती चिडली की गप्प ऐकून घ्यायचा.

ताप पूर्ण गेल्यावर ती त्याला स्कूटीवरून येडगावच्या धरणावर घेऊन गेली. पाण्यावरून गार वारा येत होता.

"आमच्यात मटण शिजतं, शेठ," ती मधेच म्हणाली.

"आम्ही जैन, जीव मरू नयेत म्हणून पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसं. आणि मी प्रोटीनसाठी कोट्यवधी जिवाणू फोडतो. आईला कधी सांगितलंच नव्हतं... परवा सांगितलं."

"मग?"

"आधी देवापुढं जाऊन बसली. मग म्हणाली, त्यामुळं ती मुलगी बरी झाली ना?"

"कोणती मुलगी?"

त्याचे कान लाल झाले. "जिच्याबद्दल मी घरी रोज बोलतो ती." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता. आईला हे सोपं जाणार नाही, ते मला माहीत आहे. तुमच्या घरीही..."

हर्षाली उठली, स्कूटीची चावी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि बोटं क्षणभर तिथंच राहू दिली.

"चल. अण्णा घरी हायेत," ती म्हणाली. "आत्ता बोललास ना, तेच त्यांच्यासमोर बोल. मी शेजारी उभी राहते."

'चल' म्हणाली होती ती. 'चला' नाही.