सुखरूप उतरल्यावरचे शब्द

हेरंब मुळेकरांनी एका माणसापुरता चहा टेबलावर ठेवला आणि समोरच्या पेटीला म्हटलं, "लँडिंग."

"इनिश," पेटीतून सुमेधाचा आवाज आला.

पेटीचं नाव दुभाषी. वैमानिकाने आपल्या भाषेत बोलावं, खालच्या नियंत्रकाने आपल्या. मधलं भाषांतर दुभाषी करी. नागपूर विमानतळासाठी तिला स्वतःच्या आवाजात तुर्की शिकवलं ते सुमेधाने. नवराबायको बरीच वर्षं तुर्कस्तानात, अंकाराला राहिलेले. आजारपणातही ती याच टेबलाशी बसून पेटीशी बोलायची. ती गेली, आणि शेवटची तपासणी तिच्या नवऱ्याकडे, हेरंबांकडे आली.

"हार्ड लँडिंग."

"सेर्त इनिश."

"इमर्जन्सी लँडिंग. विमान थांबलं."

"झोरुन्लू इनिश." मग हलकेच, "गेचमिश ओल्सुन."

विमानतळावरून फोनवर ऐकणाऱ्या फरहाना मॅडमनी विचारलं, "काका, हे शेवटचं काय?"

"संकटातून वाचलेल्याला तिकडे म्हणतातच. आलं ते सरून जावो, असं. न म्हणणारा माणूस तुसडा ठरतो."

"यंत्र तुसडंच बरं! ठरलेल्या शब्दांबाहेर काही नको. 'जादा पुसा' दाबा, सगळं एकदम जाईल."

"परवा चाचणीतला तुर्की वैमानिक म्हणाला, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

"मग?"

"सांगतो म्हटलं."

"संध्याकाळपर्यंत करा, काका," म्हणून फरहानांनी फोन ठेवला.

चहा निवला. हेरंबांनी बटणावर बोट ठेवलं. आजवर ते या पेटीशी विमानांखेरीज काही बोलले नव्हते. पुसण्याआधी तिला एवढं तरी सांगावं, असं त्यांना वाटलं.

"सुमेधा गेली," ते म्हणाले.

मग तोच आवाज, दमलेला: "बाशन सा ओल्सुन."

घरचं माणूस गेलं की अंकाराचे शेजारी मागे राहिलेल्याला हेच म्हणत. तू धड राहा. विमानाच्या कामात या शब्दांना जागाच नव्हती. आणि त्या आवाजामागे कुकरची शिटी ऐकू आली. त्यांच्याच कुकरची. तिच्या आजारपणात स्वयंपाक हेरंब करत आणि ती इथे बसून बोले.

फोन वाजला. "काका, पुसलंत?"

"नाही. तपासणी संपलेली नाही."

त्यांनी बटणावरून बोट काढलं आणि खुर्ची पेटीजवळ ओढली. अजून काय काय बोलून ठेवलं असेल तिने? आणि ते ऐकायला आता काय विचारायचं?