उतारावरची निळी फुलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय आमच्या घरात निघत नाही.

ताई मोठ्या आजारातून नुकतीच उठली होती. जरा मोकळी हवा मिळावी, म्हणून मी तिला त्या जुन्या इस्टेटीवर रानफुलं बघायला नेलं. वसंतात तिथला म्हातारा माळी लोकांना फिरवून फुलं दाखवतो. त्याने फाटकातच दम दिला, "वाट सोडायची नाही. आणि कोणी काही विचारलं, तर तोंड उघडायचं नाही."

"विचारणार कोण?" कोणीतरी हसत म्हटलं. माळी हसला नाही.

बंद बंगल्यामागे उतारभर निळी फुलं होती. लख्ख ऊन, पण एक मधमाशी नाही की पाखरू नाही. वास मात्र वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेसारखा. आणि त्या फुलांनी उन्हाकडे पाठ फिरवली होती. सगळ्यांची तोंडं वाटेकडे... आमच्याकडे.

मी वळून पाहते तो ताई फुलांत ओणवी, कान मातीला लावलेला.

"ताई, ऊठ..."

"थांब गं... नाव विचारतायत."

"कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ओठ मात्र हलले. मी दंड धरून ओढलं, तर ओल्या पोत्यासारखी जड. मग एकदम सुटली, आणि आम्ही दोघी वाटेवर आदळलो.

तोवर माळ्याने बाकीच्यांना बाहेर काढलं होतं. आम्ही धावत पोचलो, तर त्याने फाटक आमच्या तोंडावर लावलं.

"नाव दिलं ना यांनी? मग तुम्ही एकट्या या. यांना इथेच राहू द्या. नाहीतर ते मागून येतात..."

माझं डोकं फिरलं. "मरणाच्या दारातून ओढून आणलीय मी हिला!" गजांतून हात घालून मी त्याची गचांडी धरली. त्याने माझा हात सोडवला. मग त्याने कडी काढली.

"न्या," तो म्हणाला. "आणि भोगा."

गाडीत ताई केसांतली माती झटकत होती. मी रडत विचारलं, "का सांगितलंस गं नाव?"

"माझं कशाला सांगू?" ती शांतपणे म्हणाली. "मी आत्ता कुठे वाचलेय. तुझं सांगितलं."

काल भर दुपारी स्वयंपाकघरातल्या फरशीखालून मला कोणीतरी नावाने हाक मारली. हळू, लाडाने... अगदी ताईच्या आवाजात. ताई माझ्यासमोरच मटार सोलत बसली होती. ओठ मिटलेले.

हाक पुन्हा आली.

"ओ दे ना," मान वर न करता ताई म्हणाली.