उर्वी खूप चेष्टा करते

"उठाइए मत... चढ़ लेगी वो."

देवासच्या टेकरीच्या पायऱ्यांवर मागून आवाज आला. मी माझ्या लेकीला, उर्वीला, कडेवर घ्यायच्या बेतात होते. नऊ वर्षांची मुलगी कडेवर घ्यायची नसते हे मलाही कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला.

"तुम्हाला कुणी विचारलं?" मी मराठीत पुटपुटले. हिंदीवाल्याला काय कळणार!

"कुणी नाही," तो हसला. "पण मराठी समजते मला. धारचा आहे मी. राजवीर."

कानापर्यंत लाल झाले मी. तो मात्र उर्वीशेजारी गुडघ्यावर बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आला आणि म्हणाला, "दहा पायऱ्या, मग थांबू. मी मोजतो." दहा-दहा करत ती वर पोचली. वर गेल्यावर कळलं की तो लहान मुलांना व्यायाम शिकवतो.

माझ्या घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून उर्वीचं दप्तर मी उचललं, तिची भांडणंसुद्धा मीच भांडले. ती मात्र कुठलीही नवी गोष्ट दिसली की "मुझसे नहीं होगा" म्हणून मोकळी व्हायची. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाली, "आई, मला यांच्या क्लासला जायचंय."

क्लासमध्ये लोखंडी वजनं नव्हतीच. "पहिले आपलं शरीर उचलायचं," राजवीर सांगायचा. बैठका, बारला लटकणं, रेतीची छोटी पिशवी छातीशी धरून चालणं. आईबापांनी कट्ट्यावर बसायचं आणि बोलायचं नाही.

"सगळ्यात कठीण व्यायाम तुमचा आहे, अपूर्वाजी. पाच मिनिटं गप्प बसायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर रोज यावं लागेल... प्रॅक्टिसला."

मी रोज जाऊ लागले. उर्वीसाठी, असं स्वतःला सांगत होते. पण तो मोजायला लागला की माझंही लक्ष उर्वीवरून त्याच्या आवाजाकडे जायचं, आणि त्याने वळून पाहिलं की मी घाईघाईने चपलेचा पट्टा नीट करायची. पट्टा रोज नीटच असायचा.

प्रत्येक मुलाची एक वही होती. त्यात तो शेरा लिहायचा, आम्ही सही करायची. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्याने पहिल्यांदाच मराठीत लिहिलं, गिरवल्यासारख्या अक्षरात: 'उर्वी खूप चेष्टा करते. सगळ्यांच्या समोर. मला फार आवडते.'

माझं डोकंच फिरलं. माझी मुलगी चारचौघांत लोकांची टिंगल करते, आणि या माणसाला ते आवडतं?

"मैंने क्या किया, आई?" उर्वी रडायला लागली. मी ऐकूनच घेतलं नाही. क्लास बंद, म्हणाले. ती डोळे पुसत म्हणाली, "ठीक आहे. वैसे भी मुझसे नहीं होगा."

त्या वाक्याने रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मावठ्याच्या, थंडीतल्या भुरभुर पावसात मी मैदानावर पोचले, भांडायलाच.

"माझी मुलगी कुणाची चेष्टा करत नाही!"

"करते ना! रोज करते," त्याचा चेहरा उजळला. "पडते, फिर से करती है. काल दहा मोजेपर्यंत लटकली!"

मी थबकले. "चेष्टा म्हणजे... काय?"

"कोशिश. शुद्ध शब्द शोधून लिहिला... तुमच्यासाठी."

"अहो, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा! मज़ाक उड़ाना!"

"अरे भिया..." कपाळाला हात लावून तो रेतीच्या पिशवीवरच बसला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. घरी काय केलं ते मी सांगितलं. त्याने माझी समजूत घातली नाही.

"हे मला नका सांगू," तो हळूच म्हणाला. "तिला सांगा."

घरी जाऊन उर्वीपुढे गुडघ्यावर बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. "आईचं चुकलं, बाळा." तिने जरा विचार केला. "पहले सर से पूछना था ना," म्हणाली आणि गळ्यात पडली. सोमवारी बारला पंधरापर्यंत लटकली. मी कट्ट्यावर तोंड मिटून बसले होते, आणि मला राजवीर आवडतो हे तिथेच मी स्वतःशी कबूल केलं. भीतीही वाटली. एकदा मोडलेला संसार पुन्हा मांडायचा म्हणजे उर्वीलाही त्यात ओढायचं.

फेब्रुवारीत वही भरली. शेवटचं पान त्याने स्वतः कट्ट्यावर आणून दिलं. "पालकांची सही पाहिजे."

'तुम्हां दोघींना सुखात ठेवायची चेष्टा करीन.' त्यातलं 'चेष्टा' खोडून वर 'प्रयत्न' लिहिलं होतं.

"उर्वीला... विचारलंत?"

"पहिले तिलाच. ती म्हणाली, मला चालेल, पण आईला गप्प बसता येत नाही, सोच लो."

मी पेन घेतलं. खोडलेल्या शब्दाखाली लिहिलं, 'दोन्ही चालतील', आणि सही केली. त्याने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. मी गप्प बसले, अगदी सहज.

"सर, गिनो ना!" बारला लटकलेली उर्वी ओरडली. तो मोजायचं विसरला होता.