म्हैस, खुर्ची आणि गुलबक्षी शाई

ज्ञानेश्वरीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत लाल शाई लागली होती, नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका होता, ओढणी कमरेला खोचलेली होती… आणि तो नेमका तेव्हाच दारात येऊन उभा राहिला!

नगरच्या दिल्लीगेटजवळच्या बोळात छबूआत्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. चित्रकलेच्या डिप्लोमाचं कॉलेज सुटलं की ज्ञानेश्वरी तिथं छपाईला यायची. दुकानात येणारी माणसं ठरलेली : नवऱ्या मुलाचे मामा, नवऱ्या मुलीचे काका. हा मात्र एकटाच होता. एकोणीस-वीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, निळा वर्कशॉपचा शर्ट, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, चपटं.

"पत्रिका छापायची का?" आत्यानं चष्म्यावरून विचारलं. "लग्न कुणाचं?"

"लगीन न्हाई, मावशी. रेकॉर्डचं कव्हर छापायचंय." त्यानं टॉवेल सोडला. "हे असलं."

आतून निघाली एक जुनी परदेशी रेकॉर्ड. भंगारवाल्याकडून आणलेली, कोपरे झिजलेली. तिचं कव्हर पाहिलं आणि ज्ञानेश्वरी शाईचे हात तसेच वर धरून जवळ आली. वर्तमानपत्रातून कापलेली वेडीवाकडी अक्षरं. फुटलेल्या टीव्हीचा फाटका फोटो. वर भडक पिवळा रंग, आणि तोसुद्धा रेघेबाहेर सांडलेला! कुठं एक मोर नाही, कलश नाही, वेलबुट्टी नाही.

"हे… हे कुणी केलंय?"

"पोरांनीच. पंकवाले." तो एकदम खुलला. "पंक म्हंजी कसं हाय, तीन सूर वाजवता आले की बँड काढायचा. चौथ्याची वाट न्हाई बघायची. आन कव्हरला लागतं काय? कात्री, डिंक, झेरॉक्स! हे बगा, हितं चिकटपट्टीचा डाग ऱ्हायलाय. काढलाच न्हाई त्यांनी. तसाच छापला."

ज्ञानेश्वरीनं डाग पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता. म्हणजे, तिच्या नाकाकडे.

"शाई लागलीय," तो हळूच म्हणाला.

"माहितीय," ती म्हणाली. अजिबात माहीत नव्हतं!

त्याचं नाव अमृत. गाव घोडेगाव, काम नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर. सुट्टीच्या दिवशी मालकाच्या बंद शेडमध्ये तो आणि दोन मित्र वाजवायचे. गिटारवर गहिनीनाथ, ड्रमवर प्रभुदास, आणि गाणारा हा. बँडचं नाव 'लोडशेडिंग'. रेकॉर्डचं नाव 'साहेब जेवायला गेलेत'. शंभर तबकड्या मुंबईहून येणार होत्या, नागड्या. त्यांना कव्हरं हवी होती येत्या रविवारच्या कार्यक्रमाला.

"साहेब जेवायला गेलेत!" ज्ञानेश्वरी खो-खो हसली. "म्हणजे तलाठ्याकडे गेलं की…"

"तलाठ्याकडं, बँकेत, समदीकडं. आमचे दादा, म्हंजी वडील, आयुष्यभर हेच ऐकत आले. म्हनून गाणं केलं."

आत्यानं तयार डिझाइनांचा जाड अल्बम पुढं सरकवला. "यातलं निवडा. गणपती नको असेल तर नुसती फुलं आहेत."

"आत्या, नको!" ज्ञानेश्वरीचा आवाज तिलाच मोठा वाटला. "हे मी करते. माझ्या डोक्यानं."

आत्यानं भुवया उंचावल्या. दोन वर्षं पोरगी अल्बममधलेच मोर छापत होती, आणि आत्तापर्यंत चकार शब्द नव्हता. "बरं. कर. पण घोळ घातलास तर पुन्हा अल्बम, आणि परत माझ्यापुढं डिझाइनचं नाव काढायचं नाही. मंजूर?"

"मंजूर!" ती म्हणाली. छातीत धडधड… आणि ती नुसती डिझाइनपायीच होती, असं काही ती शपथेवर सांगू शकली नसती.

*

घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी अमृत डोक्यावर खुर्ची घेऊन चालला होता. आत्याच्या दुकानातली गादीची खुर्ची, पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल, अगदी साहेबाच्या ऑफिसात असते तशी. मागे ज्ञानेश्वरी, गळ्यात कॉलेजातून मागून आणलेला कॅमेरा. चहूकडे म्हशी, बैल, दोऱ्या, शिंगांना चोपडलेलं काळं ओंगण, उन्हात तरंगणारी धूळ.

"माऊली, जरा सांभाळून. शेण हाय."

"मला माऊली का म्हणतोस?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"नाव ज्ञानेश्वरी, आन आमी नेवासा तालुक्यातले. दुसरं काय म्हननार?"

"ज्ञाना म्हण. मैत्रिणी म्हणतात."

"मी कुठं मैत्रीण हाय?" म्हणून तो खुर्चीखालून असा हसला की ज्ञानेश्वरीला कॅमेऱ्याचं झाकण उघडेना.

शेवटी कव्हरवरच्या फोटोसाठी रंगुबाई नावाच्या आजींची म्हैस पसंत पडली. काळीभोर, वळणदार शिंगांची, चेहऱ्यावर थेट वरिष्ठ अधिकाऱ्याचा कंटाळा. खुर्ची तिच्यापुढं ठेवली.

"फोटू कशापायी?" रंगुबाईंनी विचारलं. "सोयरीक जमवता का हिची?"

"न्हाई आजी, हिला सायेब करतोय," अमृत म्हणाला.

"मंग कर बाबा. दूध तरी देतीया."

ज्ञानेश्वरी धुळीत गुडघ्यावर बसली. म्हैस ढिम्म. अमृतनं चुचकारलं, गाणं म्हटलं, खुर्चीवर बसून दाखवलं, काही नाही. तो वैतागून बाजूला झाला, आणि म्हशीनं मान लांब करून खुर्चीवरचा टॉवेल तोंडात धरला आणि शांतपणे चघळायला लागली. क्लिक! क्लिक! क्लिक!

"मिळाला!" ज्ञानेश्वरी ओरडली, उभी राहिली, तोल गेला… आणि अमृतनं तिचं मनगट धरलं. एवढंच. लगेच सोडलंसुद्धा. पण नगरला परतताना एसटीत ती सारखी आपल्या मनगटाकडे पाहत होती, जणू तिथं काही छापलं गेलंय.

*

पुढचे दिवस कसे गेले! तिनं म्हशीचा फोटो झेरॉक्सवर इतका मोठा केला की तिच्या अंगावर वाळूसारखे ठिपके उमटले. जुन्या पत्रिकांतून आणि निवडणुकीच्या पत्रकांतून अक्षरं कापली. 'साहेब' एका उमेदवाराचा, 'जेवायला' कुणाच्या तरी बारशाचा. म्हैस काळी, वर एक कोरी पांढरी पट्टी, आणि मागं बाकी सगळं गुलबक्षी! भडक, डोळ्यांत घुसणारं गुलबक्षी.

शनिवारी दुपारी काळा रंग छापून झाला. गुलबक्षीसाठी तेवढी मोठी छपाईच्या जाळीची फ्रेम एकच होती, आणि तिच्या वरच्या कोपऱ्यात कुठल्याशा जुन्या पत्रिकेची एक ओळ शिल्लक होती. धुवायला वेळ नव्हता. तिनं त्यावर चिकटपट्टी लावली नि कामाला लागली. जाळीवरून रबराची पट्टी ओढून शाई खाली उतरवायची, कागद उचलायचा, दोरीवर टाकायचा. तोंडानं 'साहेब जेवायला गेलेत' चालूच!

दहा-बारा कागद झाले असतील, आणि लाईट गेली.

थांबली असती तर ती ज्ञानेश्वरी कसली? सकाळी अमृत न्यायला येणार होता. दारातून येणाऱ्या संधिप्रकाशात ती अंदाजानं छापत राहिली, गात राहिली. शेवटचा कागद दोरीवर गेला आणि ट्यूबलाईट फडफडून लागली.

ज्ञानेश्वरीचं गाणं बंद पडलं.

शाईनं चिकटपट्टी कधीच सुटली होती. दोऱ्यांवर टॉवेल चघळणाऱ्या म्हशी ओळीनं लटकत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या डोक्यावर, त्या कोऱ्या पट्टीत, गुलबक्षी, ठसठशीत :

'माज्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!'

पत्रिकेच्या तळाशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावानं छापतात ना, तीच ओळ. कागद संपला होता. बाजार बंद झाला होता. ती खाली फरशीवर बसली आणि शाईच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे आणखीच वाईट झालं.

*

सकाळी अमृत आला तेव्हा तिनं काहीच लपवलं नाही. सरळ एक कव्हर त्याच्या हातात दिलं.

त्यानं पाहिलं. वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"हे काय, ज्ञाना?"

पहिल्यांदाच त्यानं माऊली म्हटलं नव्हतं.

तिनं सगळं सांगितलं. चिकटपट्टी, लाईट, अंदाज. तो खिडकीबाहेर पाहत ऐकत राहिला.

"आज दादा यायचेत," तो म्हणाला. "पैल्यांदाच. त्यांना वाटतं मी पत्रे बडवतो, दुसरं काय न्हाई. त्यांच्या गाण्यावर… त्यांच्यावर केलेल्या गाण्यावर लोकं हसतील. मावशीच्या लग्नाला म्हनं!"

रात्री हेच ऐकायच्या भीतीनं ती जागी होती. पण ऐकलं, आणि आतून रडू यायच्या ऐवजी भलतंच काही वर आलं.

"हसू देत!" ती म्हणाली. "तुझ्या त्या रेकॉर्डवरचा डाग दाखवताना किती ऐटीत होतास! त्यांची चिकटपट्टी म्हणजे पंक, आणि माझी सुटली तर घोळ? माझी चूक आहे, मान्य. पण एकदा नीट बघ. आपल्याकडे साहेब जेवायला जातात, आणि आपण लग्नाला जातो. उन्हातान्हात, टेम्पोत बसून, सगळं गाव. हे कव्हर इथलंच आहे, अमृत. दुसरीकडे कुणाला जमणारच नाही!"

एवढं बोलून तिलाच धाप लागली. आतून छबूआत्या बाहेर आली, कव्हर हातात घेतलं, लांब धरून वाचलं.

"मेल्या," ती अमृतला म्हणाली, "येता-जाता मला मावशी म्हणतोस, आणि शंभर कागदांवर माझं लग्न लावलंस होय? घरी तुझ्या काकांना काय सांगू?"

अमृतच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं पुन्हा म्हशीकडे पाहिलं… आणि मग तो हसला. पण डोळे अजून काळजीतच होते.

"चला," तो म्हणाला. "कव्हरं घडी घालायला लागू. दादा काय म्हनतील ते म्हनतील."

ज्ञानेश्वरी घडी घालत होती, तो डिंक लावत होता. पाकिटं बनवण्यात तिचा हात धरणारं नगरात कुणी नव्हतं. तरी त्या सकाळी तिची तीन-चार वाकडी झाली, कारण डिंकाच्या वाटीपाशी त्याची बोटं सारखी वाटेत येत होती.

*

नागापूरची ती शेड दुपारी खचाखच भरली. शिफ्ट सुटलेले कामगार, कॉलेजची पोरं, प्रभुदासच्या चर्चमध्ये गाणारी अर्धी क्वायर. दाराजवळच्या टेबलावर रेकॉर्डी मांडल्या होत्या, आणि जो येई तो आधी कव्हर उचलून मोठ्यांदा वाचे. हसे. मग परत वाचे, आणि शेजारच्याला दाखवे. ज्ञानेश्वरी खांबाआडून नखं खात पाहत होती.

अमृतचे दादा आले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. त्यांनी कव्हर हातात घेतलं. कितीतरी वेळ निरखलं. अमृत माईक धरून श्वास रोखून उभा.

"ही रंगुबाईची म्हैस न्हवं?" दादा म्हणाले.

"व्हय."

"बरी वाटती खुर्चीत." त्यांनी रेकॉर्ड काखेत मारली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. "वाजवा की मंग!"

आणि काय वाजवलं! पत्र्याची शेड थरथरली. 'साहेब जेवायला गेलेत'ला सगळी शेड ओरडत होती, आणि दादांचा पाय हलत होता. ज्ञानेश्वरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला! छबूआत्या कानात कापूस घालून तिच्याजवळ सरकली. "टेबलापाशी एकजण भेटला. त्याला लग्नाची पत्रिका अश्शीच पाहिजे, म्हशीसकट. करशील?"

"आत्या!" ज्ञानेश्वरीनं तिला मिठीच मारली. "म्हणजे डिझाइन…"

"अल्बम ठेवला माळ्यावर. पण आधी ती फ्रेम धू."

तेवढ्यात माईकवरून अमृतचा आवाज आला. "हे कव्हर केलंय ज्ञानेश्वरीनं. ती तिकडं, खांबामागं लपलीय!" सगळ्या माना वळल्या. टाळ्या, शिट्ट्या. ज्ञानेश्वरी आधी लाल झाली. मग मात्र खांबाआडून बाहेर आली, ताठ मानेनं, आणि थेट पुढं जाऊन स्पीकरपाशी उभी राहिली.

पुढच्या गाण्यात गहिनीनाथची गिटार पेटली. कानठळ्या बसवणारी! अमृत घामानं निथळत तिच्याजवळ आला, वाकला, काहीतरी बोलला.

"काय? ऐकू येत नाही!"

तो आणखी जवळ आला. पुन्हा बोलला. तिनं मान हलवली. शेवटी त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि गिटारच्या वर ओरडला,

"माऊली, मी कवापासनं सांगीन म्हनतोय, पन…"

आणि लाईट गेली.

गिटार मेली. स्पीकर मेले. प्रभुदासचा हात हवेतच थांबला. अख्ख्या शेडमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि त्या शांततेत, पत्र्याखाली घुमणारा एकच आवाज :

"…तू मला लई आवडतीस!"

दादांनी ऐकलं. छबूआत्यानं कापूस काढून ऐकलं. क्वायरनं ऐकलं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे सरळ अमृतच्या चेहऱ्यावर पडले होते, आणि तो चेहरा अगदी गुलबक्षी झाला होता. तो जमिनीकडे पाहत उभा राहिला… आता कुठं जाऊ, कुठं लपू…

आठवड्यापूर्वीची ज्ञानेश्वरी असती तर ओढणीत तोंड लपवून पळाली असती. आजची पळाली नाही. तिनं जवळच्या पोराच्या हातातलं कव्हर घेतलं, सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर धरलं, आणि माईक नसतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात अमृतला म्हणाली,

"मग माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!"

शेड फुटली! पोरं पत्रे बडवायला लागली, प्रभुदासनं ड्रमवर धडाका लावला, आणि विजेबिजेची वाट न पाहता सगळे एका सुरात गायला लागले. अमृत हसत होता, नुसता हसत होता. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"येतो की," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पंगतीत शेजारी बसशील?"

"बसेन. पण साहेबांनी सुट्टी दिली पाहिजे ना तुला?"

"साहेब?" अमृतनं तिच्या शाई लागलेल्या बोटांत अलगद आपली बोटं गुंफली. "साहेब जेवायला गेलेत!"