मात्सुबोराचे अकरा प्रवासी

माणूस खोटे बोलू शकतो, त्याची चाल खोटे बोलू शकत नाही. चालओळख-शास्त्राचे हे पहिले तत्त्व डॉ. निशिकांत टिळेकरांनी मांडले, तेव्हा सारे सभागृह उभे राहिले होते. आता त्याच तत्त्वाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करायला ते जपानच्या डोंगरातल्या मात्सुबोरा स्थानकावर उतरले. एक फलाट, एक लाकडी निवारा, बाकावर हाताने विणलेल्या उशा. कर्मचारी शून्य.

सोबत रेल्वे कंपनीचे अभियंते इनागाकी होते.

"नियम साधा आहे," ते म्हणाले. "सहा महिन्यांतल्या एकाही महिन्यात दहा वेगवेगळी माणसं गाडीत चढली नाहीत, तर स्थानक बंद. मोजणार फलाटावरची तुमची फरशी."

"ती पावलांचा दाब आणि ठेका वाचते. एकच माणूस शंभरदा चढला, तरी एकच धरते."

"इथे राहते एकच म्हातारी. सहाव्या महिन्यात फरशीने मोजले अकरा."

म्हातारी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हात्सुए कुरामोची, उशा झटकत होत्या. आठवड्यातून तीनदा त्या याच गाडीने डायलिसिसला जात. बस केव्हाच बंद झाली होती. हेतू इतका उघड होता, की टिळेकरांना त्यांचा थोडा रागच आला.

"आजी, जरा चालून दाखवा. आता लंगडत. आता नवऱ्याचे बूट घालून."

"सेन्सेई, नाचूनही दाखवू का?" हात्सुएंनी गुरुजींना हाक मारावी तसे विचारले.

पडद्यावर दर वेळी एकच नोंद उमटली : प्रवासी क्रमांक एक.

"मग बाकीचे दहा कोण?" टिळेकर म्हणाले.

"एक माझी बहीण. बाकीचे तुमच्यासारखेच," हात्सुए म्हणाल्या. "येतात, मला चालायला लावतात, चहा पितात, चार-दहाच्या गाडीने परत जातात."

इनागाकींनी फाइल उघडली आणि नोंदींवरून बोट फिरवले.

"यांची बहीण त्या महिन्यात चार दिवस राहायला आली. आकडा दुप्पट झाला, संशय आला. एक तपासनीस पाठवला. तोही मोजला गेला. संशय वाढला, मग दोघे पाठवले. मग सहाजण."

"तोच माणूस परत पाठवायचा ना."

"आमच्याकडे पहिल्या तपासणीची तपासणी नवाच माणूस करतो. आणि रेल्वेचा माणूस रेल्वेनेच जातो."

"मग तपासनीस वगळा."

"तुमच्या फरशीला पावलं कळतात, हुद्दा कळत नाही."

हात्सुएंनी उशी खाली ठेवली. "म्हणजे तुमचा संशय फिटला, की माझी गाडी बंद?"

"अहवाल सेन्सेईंनी लिहायचा आहे," इनागाकी म्हणाले.

खरे लिहिले तर तत्त्व सिद्ध होणार होते आणि इथे पुन्हा कोणी येणार नव्हते. टिळेकरांनी पेन काढले. 'चौकशी अपूर्ण. सदर महिला संशयास्पद.'

हात्सुएंनी ते वाचून घेतले.

"'अत्यंत' घाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी घातले.

पुढच्या महिन्यात मात्सुबोराहून तेवीस प्रवासी चढले. त्यांतले बावीस तपासनीस होते.