वेशीपुढची पायवाट

ए चष्मेवाल्या, मोबाईल उलटा ठेव. आणि तू रे नवरदेवा, भिंतीला टेकू नकोस, पळायला वेळ लागेल! जन्मभर थापा मारल्या मी, कबूल. ही थाप नाही. ज्याच्या हाताखाली मी माती वाहिली, त्या मुकादमाची गोष्ट.

शहराच्या जुन्या वेशीभोवती बाग करायची होती. वेस रस्त्यावरून दिसावी म्हणून तिला चिकटलेली घरं पाडली. त्यातलं एक मुकादमाचंच. आईला त्यानं नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नेलं. म्हातारी रोज विचारायची, "घरी कधी जायचं रे?" हा म्हणायचा, "जाऊ गं." हिरवळ लागायच्या आधीच ती गेली.

बागेचा नकाशा काढणाऱ्या बाईंची रीत न्यारी. आधी सगळीकडे हिरवळ लावायची. लोक चालून चालून जिथं गवत मारतील, तिथंच फरशी टाकायची. तर एक वाट पडली ती वेशीतून निघून हिरवळीच्या मधोमध संपणारी. पुढे काहीच नाही.

बाई वैतागल्या. "मुकादम, इथं कोण येऊन थांबतं? रात्री कुणीतरी तुडवतंय. बंदोबस्त करा."

मार्चमधला शेवटचा शनिवार. मुकादम काठी घेऊन बसला. कुत्री असतील, नाहीतर माझ्यासारखे टवाळ.

मग काय... डुलकी लागली. मुकादमच तो!

जाग आली. वारा नव्हता. दिवे चालू. वेशीपाशी गवत दबलं... मग त्याच्या पुढचं. एक पाऊल नीट. दुसरं घासत.

त्याची आई तशी चालायची.

काठी गळाली. पावलं त्याच्यासमोरून गेली. वाट संपते तिथं थांबली. तिथंच आधी त्यांच्या घराचा उंबरा होता.

"आई..."

तो पुढे वाकला.

"आई, घर मीच पाडलं गं."

...

गवत हळूच दबलं. कुणी खाली बसल्यासारखं. मुकादम उठला, शेजारी जाऊन बसला. उजाडेपर्यंत तिथंच.

सकाळी तो बाईंना म्हणाला, "फरशी याच वाटेवर टाकू." बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नकाशावर रेघ ओढली.

हिरवळीत दोन खळगे पडले होते. मुकादमाच्या जागेचं गवत दुपारपर्यंत उभं राहिलं. शेजारचं... दोनदा बदललं आम्ही. मी स्वतः लावलंय. नवं येतं, दाट येतं. तेवढ्या जागी मात्र दबलेलंच उगवतं.