नऊ अँपिअर

बॅटरीवरच्या रिक्षाला मोटरची वीज सांभाळणारा कंट्रोलर बसवणं हा विश्वनाथच्या डाव्या हाताचा मळ होता. सायली गावाच्या रस्त्यावर, दोरा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून त्याची पत्र्याची शेड होती. जुना कंट्रोलर खोलायचा, मोटरच्या तीन जाड वायरी नव्याला जोडायच्या, बारीक वायरींचा सॉकेट दाबून बसवायचा आणि मागची चाकं जॅकवर उचलून फिरवून बघायची. उलटी फिरली तर वायरींची अदलाबदल करायची. सुरुवातीचा धक्का कमी करायचा, वेगाला मर्यादा घालायची, की झालं काम.

नाशिकला मोटरच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढून तो इकडे आला, आणि रिक्षावाल्यांत त्याचं नाव झालं ते मात्र एका खोडीमुळे. चाकं हवेत नीट फिरली म्हणून तो गाडी सोडत नसे. कंट्रोलरशी जोडलेला मोबाईल हँडलला अडकवायचा, मोटर किती करंट ओढते ते त्यावर बघायचं, आणि सपाट रस्त्यावर आधी एकट्याने, मग दोघांनी, मग तिघांनी बसून गाडी त्याच वेगाने चालवायची. माणूस वाढला की आकडा वाढलाच पाहिजे. नाही वाढला तर गाडी परत शेडमध्ये. “विश्वनाथभाऊ गाडी देत नाहीत, वरात काढतात,” असं रिक्षावाले म्हणायचे, आणि तरी त्याच्याचकडे यायचे.

आकड्यावर त्याचा भारी भरवसा. पण त्या दिवसांत घरात एका रिपोर्टचीच धास्ती होती. त्याची बायको मेधा रांधा गावच्या शाळेत शिकवायची. तिच्या मानेजवळ गाठ आली होती आणि त्या गाठीचा तुकडा तपासायला वापीला पाठवला होता. “रिपोर्ट येईपर्यंत काही समजायचं नाही,” असं तो तिला रोज बजावायचा. मेधा नुसती मान हलवायची.

सुकदेवची रिक्षा शेडमध्ये आली ती याच सुमारास. सुकदेव धुळ्याकडचा, राखोली ते किलवणी नाका भाडं मारायचा. कंट्रोलर जळला होता. विश्वनाथने नवा बसवला आणि वरात काढली. तो एकटा बसला तेव्हा आकडा नऊ अँपिअरवर थांबला, सुकदेव मागे बसल्यावर अकरा, समोरच्या चहावाल्याला ओढून बसवल्यावर तेरा. गाडी शहाण्यासारखी वागली आणि चहावाला धंदा सोडून आल्याबद्दल कुरकुरत परत गेला.

दुसऱ्या दिवशी राखोलीच्या पुलाचा चढ गाडी कशी घेते ते बघायला विश्वनाथ स्वतः चालवत निघाला. सुकदेव मागे. दमणगंगा ओलांडून परत फिरताना केसरबाईने हात केला. ती नाक्यावर भाजी विकायची, अंगाने चांगली भरलेली, सुकदेवची रोजची गिऱ्हाईक. ती बसली तशी सीट करकरली. सपाट रस्ता लागला आणि विश्वनाथने सवयीने मोबाईलकडे पाहिलं.

अकरा.

त्याने बाजूला घेऊन सॉकेट तपासले. केसरबाईला उतरायला लावून थोडं अंतर चालवलं, तिला पुन्हा बसवून चालवलं. दोन्ही वेळा अकरा.

“काय रे बाबा, चढवतो का उतरवतो?” केसरबाई म्हणाली.

“काही नाही मावशी. गाडी नवीन आहे.”

पुढे एक कामगार चढला आणि आकडा निमूटपणे तेरावर गेला. नाक्यावर केसरबाई उतरून गेली, तरी तेराच राहिला. विश्वनाथला हसू आलं नाही. बिघाड असेल तर तो सगळ्यांना सारखा हवा, एकाच बाईपुरता कसा असेल, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

सकाळी सुकदेव आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला.

“केसरबाई गेली भाऊ. झोपेतच गेली म्हणून राहिले सगळे.”

विश्वनाथने गाडी ठेवून घेतली. कंट्रोलर काढून दुसरा, वेगळ्या बनावटीचा, आधी वापरलेला आणि भरवशाचा बसवला. पुन्हा वरात. एकटा, नऊ. सुकदेवसह अकरा. चहावाल्याने यावेळी हातच जोडले, म्हणून कारखान्याच्या गेटवरच्या रघुनाथला बोलावलं. रघुनाथ वॉचमन म्हणजे दोन माणसांचा ऐवज. पान चघळत तो ऐसपैस बसला आणि रिक्षा एका बाजूला कलली.

सबंध भिंतीच्या कडेने गाडी गेली आणि आली. आकडा अकरावरून हलला नाही.

सुकदेवने पुढे वाकून मोबाईलकडे पाहिलं, मग विश्वनाथकडे.

“काय झालं? मी जास्त झालो का गाडीला?” रघुनाथ हसत म्हणाला.

“नाही,” विश्वनाथ म्हणाला. “तुम्ही जा. तब्येतीला जपा.”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीये?” असं म्हणत तो पिंक टाकायला भिंतीकडे गेला. त्याच्या वजनाने कललेली रिक्षा तो उतरल्यावर सावकाश सरळ झाली. ती सरळ झालेली विश्वनाथने डोळ्यांनी पाहिली, आणि तरी मोटरला तो माणूस कळलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेटवर वेगळाच वॉचमन होता. रघुनाथ जेवायला बसला तो ताटावरून उठलाच नाही, असं चहावाल्याकडे कळलं.

सुकदेवने चावी शेडमधल्या टेबलावर ठेवली. “ही गाडी मी चालवणार नाही. तुम्ही इच्यात काय घातलं ते तुम्हालाच माहीत.”

“अरे, मी काय घालणार? वायरी आहेत, बोर्ड आहे.”

“मग ते येडं माणसं कसं वळखतं?”

सुकदेव गेल्यावर विश्वनाथने शटर अर्धं ओढलं, चाकं जॅकवर घेतली आणि जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं. मोटर तापत नव्हती, वायर कुठे घासत नव्हती, बॅटऱ्या ठणठणीत. हवेत फिरणाऱ्या चाकांचा आवाज सारखा, गुळगुळीत येत होता. शेवटी त्याने हात टेकले आणि रिक्षावर ताडपत्री घातली. ती रस्त्यावर काढायची त्याची हिंमत झाली नाही.

खरं सांगायचं तर भीती गाडीची नव्हती. भीती ही होती की आता त्याला वापीच्या रिपोर्टची वाट बघायची गरज उरली नव्हती. मेधाला एकदा मागे बसवलं की झालं. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. मग तो विचार रोज यायला लागला, जेवताना, दात घासताना, मेधा शाळेला जाताना केस विंचरत असायची तेव्हा. तिचा हात मानेपाशी जाऊन थांबायचा आणि हा नजर वळवायचा.

शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मेधा रांध्याहून थेट शेडवर आली. ऊन चांगलं तापलं होतं. तिने डबा टेबलावर ठेवला, ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं.

“रिपोर्ट सोमवारी मिळेल म्हणाले,” ती म्हणाली. “ही कुणाची?”

“सुकदेवची. नादुरुस्त आहे.”

“दिसतेय तर चांगली.” ती आत चढून बसलीसुद्धा. “एक चक्कर मारा ना. घरी बसून नुसता तोच विचार येतो हो.”

नको म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण त्याला कळून घ्यायचं होतं. त्याने ताडपत्री ओढून काढली, मोबाईल हँडलला अडकवला आणि पुढे बसून चावी फिरवली.

कारखान्याची भिंत सुरू झाली. आतून यंत्रांची घरघर येत होती. मेधाने मागून विचारलं, जेवलात का. त्याने हो म्हटलं. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला, गाडीने ठरवून दिलेला वेग धरला, आणि त्याने खाली पाहिलं.

नऊ.

दोन माणसं, आणि नऊ.

भिंत संपेपर्यंत तो पाहत राहिला. आकडा हलला नाही. त्याने ब्रेक दाबला.

“काय झालं?” मेधाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता, आणि जड होता.

त्याला रडू फुटणार होतं. ते थांबवायला काहीतरी करायला हवं होतं, आणि त्याला एकच काम येत होतं. वरात अजून अर्धी होती.

“तू चालव,” तो म्हणाला. “स्कूटीसारखीच आहे. पूर्ण पीळ, याहून जोरात जाणार नाही. शेडपर्यंत जा आणि परत ये. येताना हा आकडा वाचत ये.”

“मी?”

“एकटी जा.”

ती हसत पुढे बसली आणि गेली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एकटं माणूस म्हणजे नऊ. ते माणूस गाडीला कळतच नसेल, तर दोन कमी, सात. तो सात ऐकायची तयारी करत उभा होता.

रिक्षा शेडपाशी वळली. परत आली. ओढणी सावरत मेधा लांबूनच ओरडली, “नऊ! नऊच आहे सारखा!”

मेधा गाडीला कळत होती.

त्याचा जीव भांड्यात पडला. आनंद झाला, अगदी खराखुरा. सोमवारचा रिपोर्ट काहीही म्हणो, मेधा राहणार होती. तो तिथेच, धुळीत, खाली बसला.

ती एकटी, नऊ. दोघं मिळूनही नऊ.

हे उमगायला थोडा वेळ गेला. मग तो उठला, पँट झटकली आणि गाडीपाशी आला.

“चार्जर रात्रभर लावून ठेवायचा नाही,” तो म्हणाला. “उतरताना चावी काढायची. ब्रेक लावताना ॲक्सिलरेटर आधी सोडायचा.”

“मला कशाला सांगताय हे सगळं?”

“माहीत असलेलं बरं.” त्याचा आवाज नेहमीसारखाच निघाला. “घरीही तूच ने.”

तो मागे बसला. सीट करकरली. मेधाने गाडी नाक्याच्या दिशेला घेतली, पहिल्यांदा जरा बिचकत, मग झोकात. मोबाईलकडे त्याने पाहिलं नाही. तो तिची मान पाहत होता.

“किती हलकी चालते हो,” मेधा मागे न बघता म्हणाली. “मागे कुणी बसलंय असं वाटतच नाही.”